शाई आली, कागद राहिला

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीने १९७० साली जे संशोधनकेंद्र उघडले, त्यात तीनच वर्षांनी 'आल्टो' नावाचा एक संगणक सिद्ध झाला. कागदाच्या तावासारखा उभा पडदा, त्यावर पांढऱ्यावर काळी अक्षरे आणि हाताने सरकवायचा माऊस, ही आज प्रत्येक कचेरीत दिसणारी सामग्री एकत्र नांदू लागली ती त्या यंत्रात. या गोष्टीचा गौरव पुष्कळांनी केला आहे. त्या यंत्राची एक उणीव मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याचा पडदा इतका मंद होता, की दिवसा त्यावरचे वाचायचे म्हणजे खिडक्या झाकून, खोलीत काळोख करून बसावे लागे. बाहेर कॅलिफोर्नियाचे लख्ख ऊन पडलेले आणि आत एकाहून एक बुद्धिमान माणसे अंधारात डोळे ताणून बसलेली, हे त्याच केंद्रातील निकोलस शेरिडन या संशोधकाला खटकले. ज्या उजेडाने पडद्यावरचे अक्षर बुजते त्याच उजेडाने कागदावरचे अक्षर उजळते. तेव्हा स्वतः प्रकाश न फेकता आल्या प्रकाशात वाचता येईल, आणि तरीही छापील पानासारखे कायमचे न राहता हुकुमासरशी पालटेल, असे एखादे पान करता येईल काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला, आणि विजेवर लिहिल्या-पुसल्या जाणाऱ्या कागदाचा अमेरिकेतला इतिहास तेथून सुरू झाला.

शेरिडन यांनी काढलेली तोड मोठी सुरेख होती. केसाच्या जाडीएवढे बारीक मणी घ्यावयाचे. प्रत्येक मण्याचे एक अंग पांढरे, दुसरे काळे. असे असंख्य मणी रबरासारख्या लवचीक, पारदर्शक सिलिकोनच्या पातळ पत्र्यात जडवावयाचे आणि तो पत्रा तेलात भिजत घालावयाचा. तेल पिऊन रबर फुगते, मणी फुगत नाही. त्यामुळे प्रत्येक मण्याभोवती तेलाची एक नाजूक पोकळी आपोआप निर्माण होते आणि मणी तीत मोकळा होतो. मण्याच्या दोन अंगांवरचा विद्युत्‌भार सारखा नसल्यामुळे पत्र्याच्या खालीवर वीज लावताच मणी कूस बदलतो, आणि वीज काढून घेतली तरी त्याच कुशीवर स्वस्थ पडून राहतो. हे दुरंगी मणी पाडण्याची रीतही पाहण्यासारखी होती. गरगर फिरणाऱ्या एका तबकडीच्या वरच्या अंगावर वितळलेले पांढरे मेण आणि खालच्या अंगावर काळे मेण सोडीत; दोन्ही मेणे कडेशी येऊन एकमेकांना भिडत, तेथून त्यांच्या जोडधारा उडत, आणि हवेतच त्या धारांचे थेंब होऊन थिजत, ते अर्धे पांढरे आणि अर्धे काळे असेच. कुंभाराच्या चाकाची आठवण व्हावी अशी ही कृती होती. शेरिडन यांनी आपल्या पत्र्याचे नाव ग्रीक भाषेवरून 'गायरिकॉन' असे ठेवले. फिरते चित्र असा त्याचा अर्थ.

परंतु कंपनीच्या वरिष्ठांचा विचार निराळा पडला. झेरॉक्सची सारी दौलत कागदावर छापण्याच्या धंद्यात उभी राहिलेली, तेव्हा शेरिडन यांनी छपाईच्या कामात लक्ष घालावे आणि पडद्यांचा नाद सोडावा असा हुकूम झाला, आणि तो त्यांनी मानला. त्या अधिकाऱ्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण ज्या कंपनीचा जमाखर्च कागदाच्या रिमांवर चालतो, तिने कागदाची गरज न उरावी यासाठी पैसा घालावा अशी अपेक्षा करणेही फारसे न्यायाचे नाही. सुमारे पंधरा वर्षे गायरिकॉन दप्तरात बांधून पडला. पुढे शेरिडन यांच्याच नजरेस एक गोष्ट आली, की पडद्यांमुळे कागदाचा खप कमी होण्याऐवजी वाढला होता. लोक पडद्यावर आलेला मजकूर छापून काढीत, एकदा वाचीत आणि टोपलीत टाकीत. म्हणजे त्यांना हवा होता तो टिकाऊ दस्तऐवज नव्हे, डोळ्यांना सुखावणारे, हातात धरता येणारे पान हवे होते. ते दप्तर पुन्हा सुटले, काम पुन्हा सुरू झाले, आणि डिसेंबर २००० मध्ये गायरिकॉनची स्वतंत्र कंपनी निघाली. दुकानांतील पाट्या करण्यापलीकडे तिची मजल गेली नाही. २००५ च्या अखेरीस ती बरखास्त झाली.

अमेरिकेत हे घडण्यापूर्वीच जपानमध्ये दुसरी एक वाट निघाली होती. मात्सुशिता कंपनीतील इसाओ ओता यांनी मण्यांऐवजी रंगाचे कण घेतले. रंगीत द्रवाच्या पातळ थरात विद्युत्‌भार असलेले पांढरे कण तरंगत ठेवावयाचे आणि वरच्या काचेवर विरुद्ध भार देऊन त्यांना वर ओढावयाचे. कण वर आले की ठिपका पांढरा, खाली गेले की द्रवाचा रंग. ओता यांच्या या युक्तीला अमेरिकेत १९७२ साली पेटंट मिळाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ती साधी होती, स्वस्त होती आणि डोळ्याला छापील पानाचा भास देणारी होती; फक्त ती टिकत नसे. कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होत, वजनाने तळाशी बसत, एका कडेकडे वाहत जात. रांगोळीच्या रेषा पाण्याने पसराव्यात तशी अक्षरे काही काळाने पसरू लागत. जगातल्या अनेक मोठ्या कंपन्यांनी या दोषांशी झुंज घेतली आणि एकेकीने हात टेकले. द्रवस्फटिक वापरणाऱ्या एलसीडी पडद्यांनी दरम्यान घड्याळे आणि गणकयंत्रे काबीज केली, आणि ओतांची युक्ती शास्त्रीय नियतकालिकांच्या जुन्या अंकांतच राहिली.

तिचा उद्धार झाला तो एका अगदी वेगळ्या, सर्वस्वी कागदाच्या धंद्यातील विद्येने. आपल्याकडे संस्थांच्या आणि दुकानांच्या पावतीपुस्तकांत आज कार्बन घालावा लागत नाही. वरच्या पानावर लिहिले की खालच्या पानावर आपोआप उमटते. या कागदाची कल्पना ओहायो राज्यातील डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी १९५० च्या आसपास सिद्ध केली. वरच्या पानाच्या पाठीवर डोळ्याला न दिसणाऱ्या लक्षावधी सूक्ष्म कुप्यांचा लेप असतो. पेनाच्या टोकाखाली त्या फुटतात, आतला रस खालच्या पानाच्या लेपाला भिडतो आणि अक्षर निळे होते. वरच्या पानावर नख दाबून ओढले तर खाली निळी रेघ उमटते ती याच कारणाने. अशी कुपी न फोडता तिच्या पोटात रंगाचे कण कायमचे कोंडून ठेवले, तर कण वाहून जातील तरी कोठे? गुठळी झाली तरी ती एका कुपीपुरती. ओतांना ज्या दोषाने हरवले होते, तो दोष मोठ्या तळ्याचा होता. तळ्याच्या जागी लक्ष लक्ष घागरी मांडल्या की तो उरत नव्हता.

ही गोष्ट मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये घडून आली. जोसेफ जेकबसन हे तरुण भौतिकशास्त्रज्ञ १९९५ साली तेथे अध्यापक म्हणून आले. समुद्रकिनाऱ्यावर वाचीत बसलेले असताना हातातले पुस्तक संपले, दुसरे जवळ नव्हते, आणि याच पानांवर दुसरे पुस्तक उमटते तर काय बहार होती, असे त्यांच्या मनात आले. पुढच्या साऱ्या उद्योगाचा उगम ते त्या क्षणात सांगतात. त्यांच्या हाताखाली जे. डी. अल्बर्ट आणि बॅरेट कॉमिस्की हे दोन विद्यार्थी होते, दोघेही पदवीसाठी अजून शिकत असलेले. त्यांनीही आरंभी दुरंगी मणी करण्याचाच खटाटोप केला, तो साधेना, आणि तेव्हा ते कुप्यांकडे वळले. १६ जुलै १९९८ च्या 'नेचर' नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात एक शब्द मुद्दाम घातलेला होता: ही शाई सर्वस्वी छापून काढता येणाऱ्या पडद्यांसाठी होती. त्यांचे उद्दिष्ट नुसता नवा पडदा हे नव्हते, अक्षर, विजेच्या तारा आणि त्यांना चालवणारे घटक हे सारे छापखान्यातून निघावे असे होते.

माझ्याजवळ अशा शाईचे एक वाचनयंत्र आहे, आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसले भिंग लावून त्याचे पान मी अनेकदा न्याहाळले आहे. नुसत्या डोळ्याला जी वेलांटी सरळ आणि रेखीव दिसते, ती भिंगाखाली खरखरीत होते. तिची कड चुन्याच्या भिंतीसारखी दाणेदार दिसते. छापील पुस्तकातल्या शाईची कडही भिंगाखाली अशीच कागदाच्या तंतूंतून थोडी पसरलेली आढळते, आणि पडद्यापेक्षा हे पान डोळ्याला सोयरे का वाटते त्याचे एक कारण मला तेथे सापडते. त्या दाण्यांच्या प्रत्येक कुपीत स्वच्छ तेल आहे, त्यात पांढरे आणि काळे असे दोन्ही जातींचे कण आहेत, दोघांचे विद्युत्‌भार परस्परविरुद्ध आहेत. पांढरे कण टिटॅनियम डाय-ऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते त्याच द्रव्याचे. पान उलटताना सारा पृष्ठभाग एकदा काळवंडून पुन्हा उजळतो, तेव्हा जुने अक्षर पुसून काढण्यासाठी सगळ्या कणांना एकदा वर आणि एकदा खाली धाडलेले असते. एकदा अक्षर बसले, की मग वीज खर्च होत नाही; यंत्राची विजेरी काढून टाकली तरी पान तसेच राहते. कुप्यांच्या भिंतींसाठी ज्या कृती वापरल्या गेल्या, त्यांतील एकीत सरस म्हणजे जिलेटिन आणि बाभळीच्या कुळातील झाडाचा डिंक लागतो. आपल्या जुन्या दप्तरांतली बोरूची शाई काजळ आणि डिंक घोटूनच होत असे. मोडी कागदांवर दोनदोनशे वर्षे टिकलेली ती काळी झळाळी ज्या डिंकाने धरून ठेवली, त्याचाच भाईबंद या नव्या शाईला धरून बसला आहे, हे वाचले त्या दिवशी मला फार आनंद झाला.

१९९७ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे ई-इंक ही कंपनी निघाली. जेकबसन आणि त्यांचे दोन्ही विद्यार्थी, कायद्याच्या निवाड्यांचा संगणकीय संग्रह उभारणारे जेरोम रुबिन आणि व्यापारशिक्षण घेतलेले रस विल्कॉक्स हे तिचे संस्थापक. पैसा लवकर मिळाला, ग्राहक मात्र उशिरा. पहिला माल १९९९ साली निघाला तो जे. सी. पेनी या दुकानमालिकेत लावलेल्या पाट्यांच्या रूपाने. पुस्तकापर्यंत पोचायला आणखी पाच वर्षे जावी लागली. नुसत्या शाईने पुस्तक होत नाही. पानावरचा प्रत्येक ठिपका वेगळा हलवायचा तर त्याच्या पाठीमागे एकेक ट्रान्झिस्टर हवा, आणि असे लाखो ट्रान्झिस्टर एका पानामागे बसवायचे म्हणजे फिलिप्ससारख्या बलाढ्य कंपनीशी करारमदार करणे भाग होते. एप्रिल २००४ मध्ये सोनी कंपनीने जपानात 'लिब्रिए' हे वाचनयंत्र आणले: सहा इंचांचे पान, आठशे गुणिले सहाशे ठिपके, किंमत ४०,००० येनच्या घरात. पान इतके सुबक होते, की पाहणाऱ्यांना ते वर चिकटवलेले छापील चित्र वाटे. पण त्यावर घेतलेले पुस्तक साठ दिवसांनी आपोआप नाहीसे होई. वाचक पुस्तक घेतो ते ठेवण्यासाठी, पुन्हा उघडण्यासाठी, दुसऱ्याला देण्यासाठी. हे ज्यांना उमगले नाही त्यांच्या हातून एवढी गुणी वस्तू वाया गेली, याची मला आजही हळहळ वाटते.

ॲमेझॉनने ती चूक टाळली. १९ नोव्हेंबर २००७ रोजी 'किंडल' बाजारात आले. किंमत ३९९ डॉलर, करड्या रंगाच्या चारच छटा, दिसायला ओबडधोबड. पण बिनतारी मार्गाने घरबसल्या पुस्तक मागवता येई, आणि सारा साठा साडेपाच तासांत संपला. शाईला तिचा वाचक भेटला.

येथवरची हकीकत शाईची. कागदाची हकीकत निराळी आहे, आणि तीच मला अधिक मनाला लावून घ्यावीशी वाटते.

ई-इंकची शाई मॅसॅच्युसेट्समधील साउथ हॅडली येथे प्लॅस्टिकच्या पातळ फितीवर लेप देऊन, कागदाच्या गिरणीत गुंडाळतात तशी गुंडाळ्यांवर गुंडाळली जाई. नदीपलीकडचे होल्योक हे शहर एके काळी कागदाचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. ही फीत हवी तशी वाकवा, गुंडाळा, तिला काही होत नसे. परंतु तैवानात जाऊन तिला ज्या ट्रान्झिस्टरांच्या पत्र्यावर चिकटवीत, तो पत्रा काचेचा होता. सिलिकॉनचे ते ट्रान्झिस्टर घडवताना तीनशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि ती सोसायला काचच हवी. म्हणजे शाई कागदाच्या धर्माची आणि पाठ मात्र खिडकीच्या तावदानाची. वाचनयंत्र हातून पडले की शाईला काही होत नसे, मागची काच तडकत असे आणि पान जागच्या जागी गोठून बसे. खरा कागद करायचा तर पाठही प्लॅस्टिकची हवी, आणि प्लॅस्टिक सोसेल एवढ्याच उष्णतेत, शक्य तर शाईने छापून, ट्रान्झिस्टर घडवले पाहिजेत, हे सगळ्यांना कळत होते.

प्लॅस्टिकमधून वीज वाहू शकते, हेच मुळी जगाला चुकून कळले. टोकियोमध्ये हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत १९६७ साली एका पाहुण्या संशोधकाने उत्प्रेरक द्रव्य हजारपट जास्त घातले, आणि भुकटी होण्याऐवजी भांड्यात चांदीसारखी चमकणारी पातळ साय धरली. पुढे ॲलन मॅकडायर्मिड यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतले, ॲलन हीगर त्यांना येऊन मिळाले, आणि आयोडिनची वाफ दिल्यावर त्या सायीची वाहकता लक्षावधी पटींनी वाढते असे तिघांनी १९७७ साली दाखवले. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्लंडमधील केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून हेनिंग सिरिंगहाउस, रिचर्ड फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा प्रयोग प्रसिद्ध केला, की छापखान्याच्या माणसाने तो वाचून हर्षभरित व्हावे. कचेरीतील छपाईयंत्रासारख्या थेंब फेकणाऱ्या यंत्राने, पाण्यात कालवलेल्या वाहक प्लॅस्टिकच्या शाईतून त्यांनी ट्रान्झिस्टर छापले. अडचण अशी होती, की ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमधली फट काही सहस्रांश मिलिमीटर इतकी अरुंद लागते, आणि थेंब तर पडला की पसरतो. त्यांनी पत्र्यावर आधी पाणी झिडकारणाऱ्या द्रव्याची एक बारीक रेघ आखून घेतली. अळवाच्या पानावर पाणी जसे ठरत नाही, तसा थेंब त्या रेघेवर ठरेना. रेघेच्या दोन्ही बाजूंना तो आपण होऊन सरकला, आणि हवी ती फट हाताने न कोरता मिळाली. तंतोतंतपणा यंत्राकडून न घेता थेंबाच्या स्वभावाकडून घेतला, यात त्या मंडळींची खरी प्रतिभा दिसते. त्याच साली त्यांनी प्लॅस्टिक लॉजिक ही कंपनी काढली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील जॉन रॉजर्स आणि त्यांचे सहकारी याच सुमारास रबरी शिक्क्याने ट्रान्झिस्टर उमटवीत होते, आणि ई-इंकच्या शाईमागे ते लावून २५६ ठिपक्यांचा एक वाकता पडदा त्यांनी करूनही दाखवला. हा सगळा काळ मोठ्या उमेदीचा होता. वर्तमानपत्राची घडी खिशात घालून माणूस घराबाहेर पडेल आणि त्या एकाच घडीवर रोज नवे वर्तमान उमटेल, असे त्या काळचे लेखक खात्रीने लिहीत.

प्लॅस्टिक लॉजिकने जर्मनीतील ड्रेस्डेन येथे कारखाना उभारण्याचा बेत जानेवारी २००७ मध्ये जाहीर केला, सुमारे दहा कोटी डॉलरचे भांडवल जमवले, आणि सप्टेंबर २००८ मध्ये तो कारखाना सुरूही झाला. प्लॅस्टिकचे ट्रान्झिस्टर व्यापारी प्रमाणावर करण्यासाठी मुद्दाम बांधलेला जगातला तो पहिला कारखाना. तेथल्या कामाची कल्पना यावी म्हणून एकच गोष्ट सांगतो. प्लॅस्टिकचा पत्रा थोड्या उष्णतेनेही आकसतो, दमटपणाने पसरतो, आणि तोही सगळीकडे सारखा नव्हे. त्यामुळे एक थर चढवून दुसरा चढवायला जावे तो पहिल्या थरातली नक्षी जागेवरून सरकलेली असते. चार रंगांची छपाई करणाराला ही व्यथा सांगायला नको. रंग जुळले नाहीत की चित्रातल्या माणसाला दोन ओठ दिसतात. येथे तर असे लाखो ठिपके थरामागून थर जुळवायचे होते. तेव्हा पत्रा कामापुरता काचेवर चिकटवून ठेवीत, त्याची विकृती मोजीत आणि पुढचा थर तिच्या हिशेबाने वाकडा करून छापीत, म्हणजे दोन वाकडी मिळून सरळ होई. शंभर अंशांच्या आतबाहेर उष्णतेत हे सारे त्यांनी साधले. ड्रेस्डेनच्या कारागिरांनी शास्त्राकडून जे मागितले ते त्यांना मिळाले होते, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे; कारण पुढे जे झाले त्याचा दोष पुष्कळदा त्यांच्या विद्येवर टाकला जातो.

जानेवारी २०१० मध्ये लास वेगास येथे कंपनीने आपले वाचनयंत्र 'क्यू' लोकांपुढे मांडले. पान पत्रलेखनाच्या तावाएवढे, पाठ न फुटणारी, अंग सडपातळ, आणि किंमत ६४९ डॉलरपासून ७९९ डॉलरपर्यंत. ते व्यापारी आणि वकील मंडळींसाठी होते; गठ्ठ्याने कागद वाहणाऱ्या माणसाने ते सारे एका पातळ फळीत घेऊन हिंडावे, ही योजना. त्यानंतर वीस दिवसांनी, २७ जानेवारीला, ॲपल कंपनीचा आयपॅड जाहीर झाला: रंगीत, हलती चित्रे दाखवणारा, ४९९ डॉलरपासून पुढे. क्यूची रवानगी आधी एप्रिल म्हणून ठरली होती, ती उन्हाळ्यावर गेली, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने ते यंत्र आणायचेच नाही असे जाहीर केले. मागणी नोंदवून बसलेल्या ग्राहकांना ते कधी मिळालेच नाही. पुढे २०११ साली रशियाच्या सरकारी रुस्नानो कंपनीने पैसा घातला. मॉस्कोजवळ झेलेनोग्राद येथे मोठा कारखाना काढण्याची तजवीज ठरली, रशियन शाळांसाठी पाठ्यपुस्तकाचे यंत्रही दाखवण्यात आले. यातून काही उभे राहिले नाही. २०१२ साली कंपनीने वाचनयंत्रांचा नाद सोडला, आणि पुढे तिचे केंब्रिज आणि ड्रेस्डेन असे दोन भाग झाले.

हे असे का झाले? आयपॅडने मारले, हे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर मला अपुरे वाटते, कारण २०१० सालीच आणि त्याच आयपॅडच्या नाकासमोर किंडल जोरात खपत होते, आणि त्याची पाठ काचेची होती. खरा प्रतिस्पर्धी ती काच होती. तैवानातील शिंचू येथील प्राइम व्ह्यू इंटरनॅशनल या कंपनीजवळ एलसीडी पडद्यांसाठी उभारलेल्या काचेच्या भट्ट्या आधीच होत्या. त्यांचे भांडवल कधीच फिटले होते. त्याच यंत्रांवर थोडा फेरफार करून शाईमागची पाठ काढता येई, आणि ती दर वर्षी स्वस्त होत असे. प्लॅस्टिकला पहिल्याच पत्र्यापासून कारखान्याचे सारे कर्ज अंगावर घेऊन या काचेशी भावाची बरोबरी करायची होती. न फुटणे हा गुण मोठा खरा, पण त्याच्यासाठी दीडपट किंमत मोजणारा ग्राहक निघाला नाही. शिवाय ज्याच्या हातून वस्तू पडते, वळते, दप्तरात चेंगरते, त्या शाळकरी मुलापासून आरंभ करण्याऐवजी त्यांनी मेजावर जपून ठेवणाऱ्या श्रीमंत माणसापासून आरंभ केला, हीही मसलत मला चुकीची वाटते. रशियन शाळांचा विचार सुचला तेव्हा वेळ गेली होती. फिलिप्समधून निघालेल्या पॉलिमर व्हिजन या डच कंपनीची गत याहून बिकट झाली. पाच इंचांचा पडदा फोनाभोवती गुंडाळून ठेवायचा, वाचताना उलगडायचा, असे तिचे 'रीडियस' यंत्र जगभर प्रदर्शनांतून वाखाणले गेले आणि दुकानांपर्यंत येण्यापूर्वीच २००९ साली कंपनीचे दिवाळे वाजले.

त्याच २००९ साली प्राइम व्ह्यूने ई-इंक विकत घेण्याचा करार केला. जाहीर झालेला आकडा साडेएकवीस कोटी डॉलरचा होता. ही प्राइम व्ह्यू १९९२ साली काढली होती ती युएन फूंग यू या तैवानातील जुन्या कागद कंपनीने. आज ई-इंक होल्डिंग्ज या नावाने ओळखली जाते ती हीच. कागदाच्या गिरणीवाल्यांनी कागदाची गरज संपवू पाहणारी शाई स्वतःच्या घरात घेतली. झेरॉक्सच्या वरिष्ठांना १९७० च्या दशकात जे धाडस झाले नव्हते, ते यांनी केले.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध आला तो प्रथम एका स्वस्त फोनातून. नोव्हेंबर २००६ मध्ये मोटोरोला कंपनीने 'मोटोफोन एफ-३' भारतात आणला. त्याच्या तोंडावर ई-इंकची शाई होती, ती भर उन्हात वाचता येई आणि विजेरी दिवसच्या दिवस टिके. शेतावर काम करणाऱ्या माणसाला याहून उपयोगी काय असणार? पण खर्च वाचवण्यासाठी ठिपक्यांऐवजी ठरीव पट्ट्या जोडून अक्षर दाखवण्याची सोय केली होती आणि एका ओळीत जेमतेम सहा अक्षरे मावत. त्या पट्ट्यांतून इंग्रजी अक्षर कसेबसे निघे; शिरोरेघ, मात्रा, रफार, जोडाक्षर यांना तेथे थाराच नव्हता. देवनागरीने खिळ्यांच्या काळात जी यातायात सोसली होती, तीच येथे पुन्हा तिच्या वाट्याला आली. तिला या शाईत मानाची जागा मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, जेव्हा किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तके आली. कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्रही निघाले आहे, आणि छपाईच्या मार्गाने तारा व घटक उमटवण्याचे काम तेथे चालते.

प्लॅस्टिकच्या पाठीचे पडदे अजूनही निघतात, थोडे आणि लहान. खिशात घडी घालून न्यायचे वर्तमानपत्र मात्र निघाले नाही. शाईने आपला पसारा वाढवला तो जेथून आरंभ केला होता तेथेच, म्हणजे दुकानांत. युरोप-अमेरिकेतील मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर प्रत्येक जिनसापुढे आता बोटभर लांबीची एक पाटी असते. रात्री दुकान बंद झाल्यावर बिनतारी हुकूम सुटतो, पाट्या एकदा काळवंडतात, पुन्हा उजळतात, आणि साखरेचा, चहाचा, साबणाचा नवा भाव पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत बसतो. मग वीज लागत नाही. सकाळी झाडणारा माणूस येतो तेव्हा सगळे भाव जागच्या जागी असतात.